नानांची राजदूत ३५०: घ्यायची का?

पाचट कुट्टी आणि खोडव्याच्या खताची नोंद पुढच्या वेळी टाकतो. या आठवड्यात डोक्यात दुसरंच चाललंय. गावातल्या तिघाचौघांनी "घेतली का रं गाडी?" म्हणून विचारून झालं, तेव्हा एकदाच सगळं इथं लिहितो.

भावकीतले आमचे नाना तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांची राजदूत ३५० गोठ्याच्या मागच्या खोलीत उभी आहे. १९८५ची. शेवटची कधी चालू झाली हे घरात कुणालाच नीट सांगता येत नाही, पण पंधरा वर्षांत तरी मी ती रस्त्यावर बघितलेली नाही. काकूंना ती खोली मोकळी करून पाहिजे, हळदीची पोती ठेवायला. भंगारवाला येऊन बघून गेला आणि सहा हजार म्हणाला. मग काकूंनी मला बोलावलं. "आरं, त्यो सा हजार म्हंतोय. तुला ल्हानपनापास्नं त्या गाडीचं याड. तूच दे तेवढं आन् घिऊन जा."

मी त्या दिवशी एवढंच म्हटलं, "काकू, आठ दिवस थांबा. भंगारवाल्याला देऊ नका." सहा हजार ही त्या गाडीची किंमत नाही हे मला माहीत होतं. पण खरी किंमत किती, आणि ती मला झेपते का, हे बघितल्याशिवाय तोंड उघडण्यात अर्थ नव्हता.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. राजदूत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं दुधाच्या किटल्या लावलेली १७५ येते. ती वेगळी. ही ३५० म्हणजे यामाहाची आरडी ३५०. जपानची मूळ गाडी १९७३ची. आपल्याकडं फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सनं, म्हणजे ट्रॅक्टरवाल्या एस्कॉर्ट्सनंच, ती १९८३ पासून बनवली आणि दशक संपता संपता बंद केली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. पहिल्या गाड्या ३०.५ बीएचपीच्या, त्यांना लोक हाय टॉर्क म्हणतात. मग मायलेज वाढावं म्हणून ताकद २७ वर आणली, ती लो टॉर्क. त्या वेळची ३५० बुलेट १८ बीएचपीची होती, आणि वजनाला हिच्यापेक्षा भारी. यावरून काय ते समजा.

आज हिच्यामागं लोक वेडे आहेत, पण तेव्हा ही गाडी खपली नाही. का खपली नाही हे आपल्यासारख्याला लगेच कळतं. लिटरला पंचवीसच्या आतबाहेर जाणारी गाडी, वर टू-टी ऑइलचा खर्च, दुरुस्तीला गावात माणूस नाही. शेतकऱ्यानं मोटारसायकल घ्यायची ती वैरणीचा भारा, खताचं पोतं आणि मागं घरातली दोन माणसं नेण्यासाठी. हिच्यावर भारा बांधायचा म्हणजे शर्यतीच्या खोंडाला नांगराला जुंपल्यासारखं. नानांनी ती त्या वर्षीच्या गुळाच्या पट्टीतून घेतली आणि दहा वर्षं घरची बोलणी खाल्ली, असं काकू आजही सांगतात.

आवाज मात्र अजून कानात आहे. खालच्या आरपीएमला साधीच वाटायची, दोन स्प्रे पंप एकदम चालू केल्यासारखी. काटा निम्म्याच्या पुढं गेला की तिचा सूरच बदलायचा आणि गाडी हातातून निसटल्यासारखी पुढं जायची. टू-स्ट्रोकमध्ये ताकद सगळीकडं सारखी पसरलेली नसते, एका पट्ट्यात गोळा झालेली असते, त्याचा तो परिणाम. आणि थांबवायला पुढं ड्रम ब्रेक. जपानच्या गाडीला पुढं डिस्क होती, आपल्याकडं ती आली नाही. आरडी म्हणजे 'रॅपिड डेथ' हे नाव पोरांनी उगाच पाडलेलं नाही.

आता गाडीची अवस्था. दोन संध्याकाळी तिथं घालवल्या. आधी किक दाबून बघितली नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण वर्षानुवर्षं उभ्या गाडीला भेटायला गेलेला प्रत्येक जण पहिलं तेच करतो. आत रिंगा गंजून धरल्या असतील तर एका किकेत सिलिंडरवर ओरखडा उठतो. दोन्ही प्लग काढले, भोकातून थोडं थोडं डिझेल सोडलं आणि रात्रभर ठेवलं. दुसऱ्या दिवशी गाडी टॉप गिअरला टाकून मागचं चाक हातानं हळूहळू फिरवलं. पिस्टन हलले, दोन्ही. म्हणजे इंजिन जाम नाही. मग प्लगच्या भोकावर अंगठा धरून किक मारली. डाव्या सिलिंडरचा दाब उजव्यापेक्षा कमी लागतोय, पण ते रिंगांचं असेल, बोअरचं असेल किंवा हेडच्या गॅस्केटचं. उघडल्याशिवाय कळणार नाही.

टाकीत गंज आहे, आतून हात फिरवला तर खपल्या निघतात. सीट उंदरांनी संपवलीय. वायरिंगला गाठी मारून मारून तिचं कडबोळं झालंय. पण माळ्यावर पोत्यात गुंडाळून ठेवलेले मूळचे दोन्ही सायलेन्सर सापडले, आणि तिथं मला खरा आनंद झाला. मधल्या काळात कुणीतरी आवाजाचे सायलेन्सर बसवले होते, नानांनी मूळचे टाकले नाहीत. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर फक्त आवाज दाबायला नसतो. त्याच्या पोटाचा आकार जळालेला धूर ओढून घेतो आणि बाहेर निसटू बघणारा ताजा गॅस परत सिलिंडरमध्ये ढकलतो. तो कापला किंवा बदलला की आवाज वाढतो आणि ताकद जाते. पोरं उलटं समजतात.

ऑइल पंप मात्र काढलेला आहे. या गाडीला ऑटोल्युब नावाची सोय होती. ऑइलची टाकी वेगळी, आणि ॲक्सिलरेटर जितका पिळाल तितकं जास्त ऑइल पंप आपोआप इंजिनात सोडायचा. बऱ्याच मिस्त्रींना तो पंप जमवता आला नाही, त्यांनी काढून टाकला आणि "पेट्रोलमध्येच ऑइल टाका" म्हणून सांगितलं. आपल्याला ते काही नवीन नाही. ब्रश कटरला आणि पाठीवरच्या टू-स्ट्रोक पंपाला आपण लिटरला ४० मिली मोजून टाकतोच. ज्यानं कधी गड्याच्या हातात नुसतं पेट्रोल भरलेला पंप दिलाय, त्याला पिस्टन चिकटणं काय असतं हे सांगावं लागणार नाही. फरक इतकाच, की ब्रश कटरचं पिस्टन चिकटलं तर गवत तसंच राहतं. ताशी ९० वर पिस्टन चिकटलं तर मागचं चाक जागच्या जागी धरतं.

तिसऱ्या दिवशी कोल्हापूरला गेलो, उद्यमनगरात. विहिरीवरच्या ऑइल इंजिनांनी या भागाला काय दिलं असेल तर ते उद्यमनगर. लेथ, बोअरिंग, दाबकाम, ओतकाम, काहीही म्हणा, दोन गल्ल्यांत माणूस सापडतो. एका वयस्कर मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी तरुणपणी या गाड्यांचे क्रँक बांधलेत. त्यांनी फोटो बघितले, मी सांगितलेलं ऐकलं आणि एकच विचारलं, "बंद व्हायच्या आधी धूर कसला होता, पांढरा का निळसर? आन् गिअर ऑइल कमी व्हत होतं का?"

या प्रश्नामागं काय आहे ते त्यांनी समजावलं, तेवढं नीट लिहितो, कारण सगळा निर्णय त्यावर फिरला. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकची पेटी म्हणजेच पंप. पेट्रोल-हवा आधी तिथं येते, दाबली जाते आणि मग वर सिलिंडरमध्ये जाते. म्हणून ती पेटी हवाबंद पाहिजे. या गाडीत दोन सिलिंडर, म्हणून दोन पेट्या. दोन्ही बाजूंच्या टोकांना रबरी ऑइल सील, आणि मधोमध दोन पेट्या वेगळ्या ठेवणारं एक सील. गाडी उभी राहिली की रबर वाळतं. उजव्या बाजूला क्लच आहे, तिकडचं सील गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतं. पांढऱ्या धुराचा लोट निघतो, गिअर ऑइल गायब होतं, पण निदान दिसतं तरी. डाव्या बाजूचं सील गेलं तर तिकडून नुसती हवा आत येते. धूर नाही, काही नाही. उलट गाडी हलकी, झणझणीत पळाल्यासारखी वाटते. पेट्रोल कमी, हवा जास्त, सिलिंडर तापत जातं आणि एका दिवशी डाव्या पिस्टनला भोक पडतं. मिस्त्री म्हणाले, "पांढरा धूर म्हंजी तापाचा पेशंट, दिसतोय तरी. हवा वढनारी गाडी म्हंजी बीपीवाला, चालता चालता जातोय."

बाहेरची दोन सील बदलणं अवघड नाही. मधलं बदलायचं तर क्रँक प्रेसवर दाबून सुटा करावा लागतो. चार मेन बेअरिंग, दोन कनेक्टिंग रॉड, सगळं एकाच साखळीत दाबून बसवलेलं. सुटा केलाच तर बेअरिंग आणि रॉड किट नवीन घालूनच परत बांधायचा, आणि बांधून झाल्यावर डायल लावून सरळ करायचा, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शात. इतकी वर्षं उभ्या गाडीचा क्रँक जसाच्या तसा वापरावा का, असं मी विचारलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "फोर-स्ट्रोकच्या क्रँकला खाली ऑइलची आंघोळ असती. ह्याला न्हाई. दमट हवा आत जाती, पाणी सुटतंय, खालीच साठतंय. बेअरिंगच्या गोळ्यावर एक डाग पडला तरी बास." म्हणजे क्रँक करायचाच. हे काम सोडून बाकी सगळं करायचं म्हणजे गांजलेल्या पाइपलाइनवर नवीन मोटर बसवायची.

इथं माझं एक मत. जुनी गाडी घेतलेला जो तो आधी रंगवाल्याकडं जातो. टाकी चकचकीत, क्रोम चकचकीत, स्टिकर फरिदाबादहून निघाल्यासारखं, आणि क्रँक मात्र जुनाच. फोटो काढायला गाडी तयार होते, चालवायला होत नाही. विकत घेणाऱ्यानं असल्या गाडीपासून जास्त जपावं. नानांच्या गाडीसारखी गंजकी, मळकी पण कुणी हात न लावलेली गाडी मला त्यापेक्षा शंभर वेळा परवडते.

मग पेट्रोल. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं. गंमत बघा, माझाच ऊस कारखान्यात जातो, त्याच्या मळीचं आणि रसाचं इथेनॉल होतं, ते पेट्रोलमध्ये जातं, आणि तेच या गाडीला बाधतं. इथेनॉलच्या पैशानं कारखान्यांना आधार दिला, आपल्या बिलांनाही, त्यामुळं मी त्याला नावं ठेवणार नाही. पण १९८५च्या रबराला ते सोसत नाही. पेट्रोलचे पाइप, कार्बोरेटरमधल्या रिंगा फुगतात नाहीतर कडक होतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, टाकीत उभं राहिलं की तळाला पाणी साठतं आणि गंज वाढतो. आणि त्यात ऑक्सिजन जास्त असल्यामुळं जुन्या कार्बोरेटरची मूळची जेट कमी पडते, गाडी पुन्हा कोरडी, तापलेली चालते. म्हणजे रबर सगळं नवीन, जेट एक-दोन नंबर मोठी, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामं. फवारणीचा हंगाम संपला की आपण पंपाचं करतो तेच.

कागदांवर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि माझ्या मते इथंच बहुतेक व्यवहार फसतात. आरसी बुक आहे. जुनं, वहीसारखं, कोपरे वाळवीनं खाल्लेले, पण नंबर वाचता येतो. एमएच आणि जिल्ह्याचा आकडा ही पद्धत यायच्या आधीचा नंबर आहे. चेसिस आणि इंजिन नंबर रॉकेलच्या फडक्यानं पुसून, वर कागद धरून पेन्सिल घासून उतरवून घेतले आणि बुकाशी पडताळले. जुळतात. हे जुळलं नसतं तर मी त्याच दिवशी खोलीचं दार ओढून घेतलं असतं, गाडी कितीही आवडती असो. न जुळणारी गाडी म्हणजे दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर विहीर पाडणं.

पण गाडी अजून नानांच्या नावावर. मालक वारल्यावर वारसानं आधी ती आपल्या नावावर करून घ्यायची असते, फॉर्म ३१ भरून. मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा, बाकीच्या वारसांची संमती. कायद्यानं यासाठी तीन महिने दिलेले असतात, इथं तीन वर्षं झाली, म्हणजे दंड. मग काकूंच्या नावावरून माझ्या नावावर, फॉर्म २९ आणि ३०. नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढं दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून नवी करायची. ते नानांनी २००५ नंतर केलेलं दिसत नाही. वीस वर्षांवरच्या दुचाकीच्या नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून २००० रुपये झाली आहे, शिवाय पर्यावरण कर, शिवाय उशिराचा दंड. जुनी नोंद संगणकात नाही, ती बॅकलॉगमध्ये चढवून घ्यावी लागणार. आणि तपासणीला गाडी चालू अवस्थेत दाखवावी लागणार. म्हणजे कागद पुरे व्हायला इंजिन पाहिजे, आणि इंजिनावर पैसा घालायला आधी कागदांची खात्री पाहिजे. कोंबडी आधी का अंडं.

कुणीतरी म्हणालं, "व्हिंटेजमध्ये नोंदव की." बघितलं. २०२१च्या नियमात व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपुढची गाडी. १९८५ची गाडी २०३५ला बसेल. शिवाय व्हिंटेज नंबरची गाडी रोज रस्त्यावर फिरवता येत नाही, प्रदर्शन, रॅली असल्याच कारणांसाठी. मला तर कधीतरी संध्याकाळी कृष्णेच्या पुलापर्यंत जाऊन यायचंय.

आता हिशेब. मिस्त्रींनी सांगितलेले अंदाज असे: क्रँक पूर्ण ३५ हजार, बोअर आणि पिस्टन १५, कार्बोरेटर, पॉइंट आणि वायरिंग १५, टायर, ब्रेक, चेन १५, टाकी, रंग, सीट ३०. झाले एक लाख दहा. कागद आणि हेलपाटे १५ धरा. मिस्त्री स्वतःच म्हणाले, "ह्यात पाव हिस्सा अजून मिळवा, मंजे नंतर माझ्या नावानं खडं फोडायला नको." म्हणजे दीड लाखाच्या पुढं, गाडीची किंमत सोडून. सुट्या भागांचं तर विचारू नका. नवीन बनवलेले मिळतात, पण त्यात चांगले कोणते आणि नुसतेच पॅकिंग भारी कोणते, हे बसवल्यावर कळतं.

माझ्याकडं हळदीचे लाखभर बाजूला आहेत आणि ते दीड एकराच्या ठिबकसाठी आहेत. कारभारणीनं गाडीच्या नावानं एक शब्द काढला नाही. फक्त ठिबकवाल्याचं कोटेशन फ्रिजवर चिकटवून ठेवलं. त्यावर मीही काही बोललो नाही. ठिबक यंदा होणारच. रात्रीच्या लाइटला दारं मोडत उसात हिंडायचं वय गेलं, आणि ते पाणी पुढची दहा वर्षं पैसे देईल. गाडी देणार नाही. जुन्या गाडीला लोक 'इन्व्हेस्टमेंट' म्हणतात तेव्हा मला हसू येतं. विकली तरच ती इन्व्हेस्टमेंट, आणि विकायची असेल तर मी कशाला घेऊ? हा हौसेचा खर्च आहे, तो हौसेच्याच खात्यात धरायचा.

अजून एक गोष्ट घरात आहे, अकरावीचा पोरगा. लायसन्स नाही, पण चावी कुठं टांगलेली असते ते त्याला माहीत आहे. मी गाडीचा विषय काढल्यापासून तो मोबाइलवर आरडीचे व्हिडिओ बघतोय. ड्रम ब्रेक आणि तीस घोड्यांच्या मध्ये त्याचं वय येतं, हा विचार करून एक रात्र झोप लागली नाही. गाडी आलीच तर क्रँक बांधून ठेवायचा, पण कार्बोरेटर काढून माझ्या कपाटात, तो एकवीसचा होईपर्यंत. त्याला हे सांगितलंय. तो नाराज आहे. असू दे.

एवढं सगळं बघून रविवारी काकूंकडं गेलो. पुण्याला असतो तो त्यांचा मुलगाही आला होता, ते बरंच झालं. मी सरळ सांगितलं, "काकू, ही सहा हजारांची गाडी नव्हं. कागद आहेत, नंबर जुळत्यात, सायलेन्सर मूळचं हाय. अशी आहे तशी लाखाच्या आसपास जाईल, कदाचित जास्त."

काकूंनी पदर तोंडाला लावला. "आन् मी भंगारात घालत हुती व्हय रं!"

मुलानं लगेच मोबाइल काढला, त्याला अडीच-तीन लाखांच्या जाहिराती दिसल्या. त्याला म्हटलं, दादा, त्या तयार गाड्या आहेत, क्रँक बांधलेल्या, पासिंग झालेल्या. त्या किमतीतून हा दीड लाखाचा हिशेब वजा कर, मग आपल्या खोलीतल्या गाडीची किंमत निघते. कागद वाचून दाखवला त्याला. त्याला पटलं असं वाटलं, पूर्ण नाही. त्याच्या ओळखीचा एक जण बेंगळुरूला जुन्या गाड्या घेतो, त्याला फोटो पाठवणार म्हणाला. पाठव म्हटलं. मी असतो तर मीही पाठवले असते.

माझा आकडा मी सांगितला: ९० हजार. त्यातले ३० आत्ता, ६० गाडी माझ्या नावावर होईल त्या दिवशी. घासाघीस नाही, माझ्याकडून वर नाही आणि त्यांच्याकडून खाली नाही. फॉर्म ३१चं काम मी त्यांना करून देणार, गाडी मला मिळो किंवा बेंगळुरूला जावो. ते काम काकूंकडून एकटीनं व्हायचं नाही, आणि ते झाल्याशिवाय कुणीही शहाणा माणूस पैसे देणार नाही. यात माझा तोटा आहे असं दोघांनी सुनावलं मला. त्यांचं बरोबर असेल. पण उद्या काकूंच्या दारावरून उसाला जाताना मला मान खाली घालून जायचं नाही.

निघताना काकू म्हणाल्या, "एकदाच बसले हुते मी त्याच्यावर. औदुंबरला ग्येलो दर्शनाला, लगीन झालेल्या सालात. डोक्यावरचा पदर कवा ग्येला कळलंच न्हाई. येताना मी यष्टीनं आले."

मुलानं पंधरा तारखेपर्यंत वेळ मागितलाय. आलीच गाडी तर क्रम असा: आधी कागद, ठिबकची बिलं भागल्यावर क्रँक, पुढच्या हळदीला बाकीचं इंजिन, आणि रंग सगळ्यात शेवटी. तीन हंगाम जातील. ९० च्या वर मी एक रुपया जाणार नाही, तेव्हा बेंगळुरूवाल्यानं जास्त दिले तर त्याला गाडीत चढवायला मीच हात लावीन. त्याला सायलेन्सरची दोन पोतीही माळ्यावरून काढून देईन, नाहीतर ती तिथंच राहायची.

कुणी आरडीचा क्रँक अलीकडं बांधून घेतला असेल तर ऑइल सील कुठल्या दुकानातून आणले आणि किती किलोमीटर झाले, तेवढं खाली लिहा. फोन करणार असाल तर दुपारनंतर. या आठवड्यात सकाळची लाइट आहे, मी खोडव्याला पाणी देतोय.